गाडीचं एस्टिमेट हातात आलं की आधी बेरीज बघू नका

दिवाळीनंतर आमची गाडी सर्व्हिसिंगला टाकली, 2017 ची पेट्रोल हॅचबॅक, 62 हजार किलोमीटर झालेली, आणि तक्रार एकच सांगितली होती की स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून डाव्या बाजूने खट्ट असा आवाज येतो. दुपारी साडेबाराला व्हॉट्सअॅपवर एका हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो आला, खाली गोल करून 44,592 रुपये. मी पहिली ती बेरीजच बघितली, सगळे तेच करतात, आणि मग सगळे करतात तीच दुसरी चूक पण केली, म्हणजे फोन लावून विचारलं, काही कमी होईल का. सर्व्हिस अॅडव्हायझर लगेच म्हणाला, हो मॅडम, लेबरवर दहा टक्के देतो ना. म्हणजे नऊशे-हजार रुपये. मी जवळजवळ हो म्हणणार होते तेवढ्यात तो म्हणाला, "मॅडम, सर असतील तर सरांना फोन देता का, त्यांना समजावून सांगतो." या एका वाक्याचा मला इतका राग आला की मी म्हटलं गाडीला हात लावू नका, मी येते.

शेवटी बिल झालं 13,488. आणि यात मी एक रुपयाची घासाघीस केली नाही, कुठलाही रेट कमी करून घेतला नाही. हेच सांगायचंय. डीलर महाग असणं ही एक गोष्ट आणि एस्टिमेट चुकीचं असणं ही पूर्ण वेगळी गोष्ट, आपण भांडतो पहिल्यावरून आणि पैसे जातात दुसऱ्यात. शोरूमचा एसी वेटिंग रूम, कॉफी, युनिफॉर्म घातलेली पोरं, याचे पैसे लेबरमध्ये असतात आणि ते असणारच, ते पटत नसेल तर बाहेर जावं. पण जे काम लागतच नाही ते दहा टक्के स्वस्तात करून घेतलं तरी ते महागच.

एस्टिमेटचा कागद म्हणजे तीन गोष्टींची मिसळ असते. पार्ट, लेबर, आणि तिसरा प्रकार ज्याला मी प्रसाद म्हणते, न मागता मिळतो, फक्त याचे पैसे लागतात. तिन्ही वेगवेगळे वाचायचे कारण तिन्हीत गडबड वेगवेगळ्या ठिकाणी असते.

पार्टपासून सुरू करू, कारण ते तपासायला सगळ्यात सोपं. प्रत्येक पार्टला पार्ट नंबर असतो आणि पॅकेटवर एमआरपी छापलेली असते. अॅडव्हायझरला सांगायचं की मला पार्ट नंबरसकट एस्टिमेट पाठवा, कॉम्प्युटरवर त्यांच्याकडे असतंच, ते द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच समजा की आता नीट बघायला लागणार. नंबर मिळाला की बूडमोसारख्या पार्ट्सच्या साईटवर टाकून बघता येतो, मारुतीच्या स्वतःच्या जेन्युइन पार्ट्सच्या साईटवर पण किंमती दिसतात. पार्टच्या रेटमध्ये डीलर सहसा फसवत नाही, एमआरपीच लावतो. गंमत असते टॅक्समध्ये. एमआरपी म्हणजे सगळे टॅक्स धरूनची किंमत, जीएसटी त्यातच आलेला असतो. माझ्या कागदावर काय केलं होतं, तर पार्टच्या एमआरपी लिहिल्या, त्याखाली लेबर लिहिलं, सगळ्याची बेरीज 37,790 केली आणि त्या सगळ्यावर 18 टक्के लावले. पार्टच होते 22,040 चे. त्यावर परत 18 टक्के म्हणजे 3,967 रुपये नुसते हवेत. जीएसटी लागायला पाहिजे होता फक्त उरलेल्या 15,750 वर, जे लेबर आणि बाकीची कामं होती. मी हे दाखवलं तर तो म्हणाला फायनल बिलात सिस्टीम बरोबर घेते मॅडम, हा अंदाज असतो. असेल. पण अंदाज नेहमी वरच्याच बाजूला का चुकतो ते काही कळत नाही.

आणि हो, जुन्या बिलाशी तुलना करत असाल तर एक लक्षात ठेवा, 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या सगळ्या पार्टवर 18 टक्के जीएसटी आहे, त्याआधी बऱ्याच पार्टवर 28 होता. म्हणजे तोच पार्ट त्यानंतर थोडा स्वस्तच दिसायला पाहिजे.

पार्टमधली दुसरी गोष्ट असेंब्लीची. डीलरकडे छोटी वस्तू दुरुस्त करायची पद्धत कमी, आख्खा डबा बदलायची जास्त. अल्टरनेटर चार्ज करत नाही, तर बाहेरचा ऑटो इलेक्ट्रिशियन आत कार्बन ब्रश गेलाय का रेग्युलेटर गेलाय बघेल, डीलर नवीन अल्टरनेटर लिहील. लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचा, रबरी बुश फाटला तर बाहेर प्रेसवर नुसता बुश बसवून देतात, डीलरकडे पूर्ण आर्म. याला मी लबाडी म्हणणार नाही कारण कंपनीच पुष्कळ वेळा नुसता बुश विकत नाही आणि दुरुस्त केलेल्या वस्तूची गॅरंटी डीलरला द्यायची नसते. पण विचारायचं, की यातला नेमका कुठला भाग गेलाय आणि तो वेगळा मिळतो का.

आता लेबर. यात लोकांचा एक गैरसमज असतो, अर्ध्या तासात काम झालं आणि दीड तासाचे पैसे लावले म्हणून ओरडतात. कंपनी प्रत्येक कामाला वेळ ठरवून देते, क्लच बदलायला इतके तास, ब्रेक पॅडला इतके, आणि त्या वेळेला त्या डीलरच्या तासाच्या रेटने गुणायचं. फिटरचा हात चालतो म्हणून त्याने लवकर केलं तर पैसे कमी होत नाहीत आणि बोल्ट गंजून अडकला, चार तास गेले, तरी वाढत नाहीत. मला तरी ही पद्धत बरोबर वाटते. बघायचं ते दुसरंच असतं, एकच काम दोनदा मोजलंय का.

माझा कागद बघा. शॉकअप, म्हणजे खड्ड्यांचे धक्के शोषणारा शॉक अॅब्सॉर्बर, बदलायचं लेबर 1,800, त्याच्याच खाली स्ट्रट माउंट बदलायचं लेबर 1,200. स्ट्रट माउंट कुठे असतो, तर शॉकअपच्याच डोक्यावर. शॉकअप बदलायला आख्खा स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंगचा एकत्र जोड, गाडीतून खाली काढायचा, स्प्रिंग दाबायची, माउंट काढायचा, तेव्हा कुठे शॉकअप सुटतो. म्हणजे माउंट हातात आलेलाच असतो, जुना ठेवायचा का नवा एवढाच प्रश्न, त्याचे परत 1,200 कशाचे? तसंच ब्रेक डिस्क काढायची तर कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि पॅड आधी निघतातच, तरी पॅडचे 500 वेगळे आणि डिस्कचे 900 वेगळे. क्लचच्या कामात तर हे हमखास होतं. क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स खाली उतरवला की रिलीज बेअरिंग समोरच असतं, इंजिनचा मागचा ऑइल सील पण तिथेच, त्यामुळे त्या वेळी ते बदलून घेणं शहाणपणाचं, पण गिअरबॉक्स उतरवायचं लेबर एकदाच द्यायचं. एस्टिमेटमध्ये जवळ जवळ बसणाऱ्या वस्तू दिसल्या की एवढंच विचारा, हे काढल्याशिवाय ते निघतं का? नाही म्हणाला तर मग लेबर एक. तुम्हाला गाडीतलं काही कळत नसलं तरी हा प्रश्न विचारता येतो.

आता खरा मुद्दा, काम लागतंय का. याला गाडीखाली जायला लागतं, दुसरा उपाय नाही. वर्कशॉपमध्ये कस्टमर अलाउड नाही असं सांगतात, पण रॅम्पपाशी अॅडव्हायझरबरोबर उभं राहून बघता येतं, मी आग्रह धरल्यावर नेलं. गाडी वर होती, पुढची दोन्ही चाकं काढलेली. फिटर पंचविशीतला, त्याला म्हटलं आवाज कशाचा येतोय ते मला हलवून दाखव. त्याने आधी लिंक रॉड, म्हणजे सस्पेंशनमधली छोटी जोडदांडी, हाताने धरून हलवला तर डाव्या बाजूचा टक टक वाजायला लागला, बोटांना जाणवत होता एवढा प्ले, म्हणजे ढिलेपणा, रबर बूट फाटून आतलं ग्रीस संपलेलं. मग टॉमी घेतली, म्हणजे ती लांब लोखंडी पहार, ती डाव्या लोअर आर्मच्या बुशपाशी घालून दाबली तर रबराला पडलेली चीर तोंड उघडल्यासारखी उघडली. उजव्या बाजूला तेच केलं, काही नाही, रबर घट्ट. मी विचारलं मग उजवा आर्म का लिहिलाय. तो अॅडव्हायझरकडे बघून गप्प. शॉकअपचं विचारलं तर म्हणाला, "ताई, तेल नाय गळत अजून." त्या अजूनवर मी तेव्हा लक्ष दिलं नाही, ते पुढे येईल.

शॉकअप खराब म्हणजे साधारण काय, तर रॉडखालून तेल गळून अंगावर ओला थर दिसतो, त्यावर धूळ चिकटून काळा चिखल होतो, आणि गाडी खड्ड्यातून गेल्यावर एकदा खाली-वर होऊन थांबायच्या ऐवजी डुलत राहते. नुसता धुळीचा कोरडा थर म्हणजे काही नाही. बदलायचे झाले तर पुढची जोडी एकदम बदलतात, यात डीलर बरोबर असतो, एक नवा एक जुना ठेवला तर गाडी विचित्र चालते. लोअर आर्म, लिंक रॉड, व्हील बेअरिंग यांना जोडीची सक्ती नाही, गेलेलंच बदललं तरी चालतं. लिंक रॉड मी तरीही दोन्ही घेतले कारण साडेसहाशेची वस्तू, परत कोण फेरी मारणार.

ब्रेकचं मोजमाप असतं, मत नसतं. पॅड नवा असतो तेव्हा दहा-बारा मिलिमीटर, तीनच्या आसपास आला की बदलायचा. आमचा तीनच होता, मान्य. डिस्कवर मात्र कमीत कमी जाडीचा आकडा कडेला किंवा मधल्या भागावर कोरलेला असतो, एमआयएन, म्हणजे मिनिमम, असं लिहून. व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, लावायचा आणि बघायचं. 62 हजारला डिस्क बदला म्हणणाऱ्याला मी व्हर्निअर आणायला सांगितला तर तो शोधायलाच दहा मिनिटं गेली, आणि मोजल्यावर जाडी त्या आकड्याच्या चांगली वर निघाली. कागदावर कारण लिहिलं होतं "डिस्क स्कोअर", म्हणजे रेघा पडल्यात. रेघा प्रत्येक गाडीच्या डिस्कवर असतात, नखाने चाचपून खोल खड्डा लागला किंवा ब्रेक मारताना पेडल थरथरलं तर गोष्ट वेगळी. टायरचं पण असंच, खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं म्हणजे 1.6 मिलिमीटर उरलं आणि टायर संपला. बॅटरीचं लोड टेस्ट करून प्रिंट मागायची. एसी थंड होत नाही म्हणून गॅस भरायला सांगितला तर लीक कुठे आहे ते आधी विचारायचं, कारण एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठूनतरी गेला, आणि ती जागा न शोधता भरलेला गॅस पण तिथूनच जाणार.

ऑइलवर पण एक नजर. कागदावर 4 लिटर लिहिलं होतं आणि आमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये फिल्टरसकट 3 लिटर 100 मिली. ड्रममधून काढून देतात मग पूर्ण कॅनचे पैसे का? बदलून घेतलं. साडेचारशे-पावणेपाचशेचा फरक, मोठा नाही, पण मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समध्येच पडलेलं असतं आणि त्यात ऑइल किती, कूलंट कधी, स्पार्क प्लग किती किलोमीटरला, एअर फिल्टर कधी, सगळं तक्त्यात असतं. फोनमध्ये त्या दोन पानांचा फोटो काढून ठेवा.

आता प्रसाद. थ्रॉटल बॉडी क्लीनिंग 850, इंजिन फ्लश 600, इंजेक्टर क्लीनर 550, एसी डिसइन्फेक्शन 950, अंडरबॉडी कोटिंग 3,200, वर कन्झ्युमेबल्स म्हणून 450 ज्यात काय येतं ते विचारल्यावर "कापड, ग्रीस वगैरे". सगळी बेरीज 6,600. ही कामं म्हणजे फसवणूकच असं नाही म्हणता येणार. थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेत, कार्बन साठतो, गाडी सिग्नलला उभी असताना बंद पडत असेल किंवा आरपीएम वरखाली होत असेल तर साफ करून खरंच फरक पडतो. अंडरबॉडी कोटिंग कोकणात समुद्राजवळ किंवा गोव्यात गाडी ठेवणाऱ्याला उपयोगी, खारं वारं पत्रा खातं, पण पुण्यात आठ वर्षं चाललेल्या आणि खाली कुठे गंज नसलेल्या गाडीला कशाला? मॅन्युअलच्या तक्त्यात नाही आणि मला त्रास नाही, असं असेल तर नको म्हणायचं. अॅडव्हायझरला या कामांचं महिन्याचं टार्गेट असतं, महिनाअखेरीला गाडी टाकली तर जास्त प्रेमाने सांगतात, त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही, नुसतं "यावेळी नको" म्हटलं की तोही सोडून देतो.

मग दुसऱ्या गॅरेजचं कोटेशन घ्यायचं का? घ्यायचं, पण बेरजेची तुलना करायची नाही. बाहेरच्या मेस्त्रीला फोन करून "सस्पेंशनचं काम किती" विचारलं की तो काहीतरी आकडा सांगणार आणि तो डीलरच्या निम्मा असणार, त्याचा काही उपयोग नाही. कामांची तीच यादी द्या, पार्ट नंबर द्या, आणि विचारा की पार्ट कुठला लावणार. पार्ट साधारण तीन प्रकारचे. कंपनीच्या डब्यातला. मग जो कारखाना कंपनीला माल देतो त्याच्याच ब्रँडच्या डब्यातला, उदाहरणार्थ शॉकअपमध्ये गॅब्रिएल, ज्यांचा कारखाना आपल्या चाकणलाच आहे, स्पार्क प्लगमध्ये एनजीके, डेन्सो. असा पार्ट पुष्कळदा कंपनीच्या डब्यातल्यापेक्षा स्वस्त पडतो आणि आतली वस्तू त्याच तोडीची. तिसरा लोकल, आणि ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेंशनला तो कितीही स्वस्त असला तरी नको. पुण्यात नाना पेठेत चार दुकानं फिरलात तर तिन्ही एकाच काउंटरवर मांडून दाखवतील, बॉक्स नीट बघा, डुप्लिकेट पण तिथेच मिळतो.

डीलरकडेच जावं अशी कामं पण आहेत. वॉरंटीतलं काम आणि रिकॉल (कंपनी स्वतःच दोष दुरुस्त करायला गाड्या परत बोलावते ते) तर तिथेच, ते फुकट असतं. एअरबॅगचा दिवा, कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, हायब्रिडची बॅटरी, यात मी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यावर प्रयोग करणार नाही. मात्र "बाहेर हात लावला तर वॉरंटी जाईल" या धमकीला सरसकट घाबरू नका. 25 ऑगस्ट 2014 ला भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटींचा दंड केला होता, मुद्दा हाच होता की पार्ट आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत. त्यावर पुढे अपिलं झाली, पण त्या आदेशात आयोगाने म्हटलं होतं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची अट नको, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. म्हणजे बाहेर बसवलेल्या ब्रेक पॅडमुळे एसीची वॉरंटी जायचं कारण नाही. तरी नव्या गाडीला उगाच वाद नको म्हणून मी वॉरंटी असेपर्यंत डीलरकडेच जाते, आणि बाहेर कुठे काम केलंच तर बिल जपून ठेवते.

अॅक्सिडेंटच्या कामाचं गणित थोडं वेगळं, तिथे एस्टिमेट इन्शुरन्सकडे जातं म्हणून आपण बघतच नाही, पण साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या पार्टला 50 टक्के घसारा कापतात, म्हणजे बंपर बदलला तर निम्मे पैसे तुमच्या खिशातून. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, नसेल तर "क्लेम आहे ना मॅडम, बदलून टाकू" ला हो म्हणायच्या आधी तो बंपर दुरुस्त होतो का विचारा, आणि छोट्या कामाला क्लेम टाकण्याआधी नो क्लेम बोनस किती जाईल ते पण धरा.

लिहून घ्यायच्या गोष्टी दोनच. जॉब कार्डवर, म्हणजे गाडी देताना कामं लिहून घेतात त्या कागदावर, "मंजुरीशिवाय जादा काम करू नये" आणि "जुने पार्ट परत हवेत". हे गाडी देतानाच, नंतर मागितलं की स्क्रॅपमध्ये गेले असं उत्तर येतं. तरीही न सांगता काम करून बिल लावलं तर ग्राहक हेल्पलाईनचा 1915 नंबर आहे, तक्रार नोंदवताना जॉब कार्ड आणि व्हॉट्सअॅपचा तो कागदच कामाला येतो.

तर आमच्या गाडीला शेवटी सर्व्हिसिंग, ऑइल, फिल्टर, दोन लिंक रॉड, डावा लोअर आर्म, ब्रेक पॅड आणि अलाइनमेंट-बॅलन्सिंग एवढंच झालं. अलाइनमेंट मी काढायला निघाले होते, तर फिटरनेच सांगितलं की आर्म उघडला की ते करायलाच लागतं नाहीतर टायर एका बाजूने खाईल, बरोबर होतं त्याचं. खट्ट आवाज गेला.

चार महिन्यांनी डावा शॉकअप गळायला लागला. तो "अजून" म्हणाला होता ते हेच. बाहेरच्या गॅरेजमध्ये गॅब्रिएलची जोडी टाकली, आणि स्ट्रट उघडलेलाच आहे तर माउंट पण नवे बसवा म्हटलं. मेस्त्रीने कागदावर लेबर लिहिलं, एका ओळीत.